घाटात ओढ जाणाऱ्या गाड्या : तपासाच्या नोंदी

३ जून २०२४

कामाची व्याप्ती ठरवली. "चढाला लागलं की पिकअप जातो" एवढीच तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या पावसाळाभर एकाच पद्धतीने तपासायच्या, प्रत्येकीचे आकडे लिहायचे आणि त्यावरून तपासाचा क्रम पक्का करायचा. मुख्य भर १२४८ सीसीच्या चार सिलिंडर कॉमन रेल टर्बो डिझेलवर. कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी उच्च दाबाची एकच नळी, टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. हे इंजिन देशात अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसले, आणि दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या अशा गाड्या आजही रोज कात्रज, खंबाटकी, कसारा चढतात. पेट्रोल-सीएनजी आणि बीएस-६ डिझेल यांच्या नोंदी वेगळ्या राहतील.

या गाड्या तपासाला येतात तोवर त्यांच्यात काही ना काही बदलून झालेले असते. एअर फिल्टर तर हमखास, पाठोपाठ एअरफ्लो सेन्सर, कधी एखादा इंजेक्टर. पैसे गेलेले असतात आणि घाटात ओढ जातेच. कारण स्कॅनरवरचा कोड परिणाम सांगतो. 'पी०२९९', म्हणजे टर्बोचा दाब कमी. पण तो टर्बोमुळे कमी, होजमुळे (हवेची रबरी नळी), व्हॅक्यूममुळे की ईजीआरमुळे (जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), हे कोड सांगत नाही. ते मोजावे लागते.

मालकाला विचारायचा पहिला प्रश्न ठरला : ओढ गेल्यावर परत कशी येते?

चावी बंद करून लगेच चालू केली आणि गाडी ठीक झाली, तर ताकद ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, स्वतः कापली होती. काहीतरी मर्यादेबाहेर दिसले, त्याने लिम्प मोड लावला. चावी फिरली की तो नव्याने हिशेब सुरू करतो. पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावरच ठीक होत असेल, तर उष्णतेने बिघडणारा भाग किंवा डिझेलच्या वाटेतला अडथळा. थांबूनही फरक पडत नसेल, तर यांत्रिक कारण : फाटलेली होज, चोक झालेला सायलेन्सर, घसरणारा क्लच. एवढ्या उत्तराने निम्मा तपास कमी होतो. हा प्रश्न जॉब कार्डवर सर्वात वर छापून घेणार.

७ जून

साधने जुळवली. रेकॉर्डिंग करणारा स्कॅनर, हाताचा व्हॅक्यूम पंप गेजसह, इंजेक्टर रिटर्न (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारे डिझेल) मोजायच्या चार बाटल्या, डिझेल लाइनमध्ये घालायची पारदर्शक नळी, मल्टिमीटर, आणि इनटेकचा दाब तपासायचे बूच. हे बूच विकत घेण्याची गरज नाही. टर्बोच्या तोंडाच्या होजमध्ये घट्ट बसेल अशी पीव्हीसी पाइपची टोपी आणि तिला भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. कॉम्प्रेसरवर रेग्युलेटर मात्र हवाच.

स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर वापरताना एक काळजी. दहा-बारा आकडे एकदम निवडले तर प्रत्येक आकडा काही सेकंदांनी एकदा बदलतो, आणि घाटात ओढ जाण्याचा क्षण नेमका मध्ये निसटतो. पाचच निवडायचे : आरपीएम, मागितलेला व प्रत्यक्ष रेल प्रेशर, इनटेकचा दाब (मॅप) आणि हवेचे वजन (एअरफ्लो). दुसऱ्या फेरीला गरजेप्रमाणे बदलायचे.

सुरुवात नेहमी इंजिन न लावता, फक्त चावी 'ऑन' करून. तेव्हा मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. पुण्यात तो साधारण ९४५ ते ९५५ मिलिबार, मुंबईत हजाराच्या थोडा वर, महाबळेश्वरला ८६५ च्या आसपास. पुण्यात उभी गाडी १०४० किंवा ८८० दाखवत असेल, तर त्या सेन्सरच्या पुढच्या कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. तसेच इंजिन बंद करून काही मिनिटांनी रेल प्रेशर शून्याच्या जवळ दिसले पाहिजे. शून्यच खोटे असेल तर घाटातले १२०० बारही खोटे.

१० जून

चांगल्या गाडीचे आकडे आधी घेतले, म्हणजे तुलनेला आधार राहील. चाचणीचा रस्ता दिवे घाट, हडपसरकडून सासवडकडे चढ. तिसरा गिअर, २००० आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलेटर, ३५०० पर्यंत. घाटात वाहतूक असते, म्हणून आकडे पाहायला नेहमी दुसरा माणूस. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचे नाही.

आयडलला रेल प्रेशर २८० बारच्या आसपास, मागितलेल्यापेक्षा २० बारहून जास्त हलत नाही. पूर्ण रेसला मागणी १२०० च्या पुढे जाते आणि प्रत्यक्ष दाब तिच्या पाठीला लागून चढतो. मॅप २१०० मिलिबार. एअरफ्लो प्रत्येक स्ट्रोकला ६३० मिलिग्रॅम.

हे शेवटचे दोन आकडे एकमेकांशी जुळतात का, हे हिशेबाने पाहता येते आणि सगळ्या तपासाचा कणा तोच आहे. एका सिलिंडरचे आकारमान ३१२ सीसी. पुण्याच्या दाबाला आणि ३० अंश तापमानाला त्यात जास्तीत जास्त ३४० मिलिग्रॅम हवा मावते. प्रत्यक्षात साधारण ३०० जाते. दाब दुपटीच्या थोडा वर गेला की, दाबल्याने गरम झालेल्या हवेचा विचार करता, ६००–६५०. म्हणजे मॅप कळला की एअरफ्लो किती असायला हवा हे कागदावर काढता येते. दोन्हींत तफावत दिसली की तिथेच कारण आहे.

१४ जून : गाडी क्र. १, व्हेरिएबल टर्बो

तक्रार : खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला ओढ जाते, इंजिनचा दिवा लागतो, बाजूला घेऊन चावी फिरवली की पूर्ववत. काळा धूर नाही. कोड दोन, पी०२९९ आणि पी०२३४. म्हणजे दाब कमी आणि दाब जास्त, दोन्ही एकाच गाडीत. याआधी कोणीतरी टर्बो बदलायचा अंदाज दिलेला.

घाटातले आकडे : मागितलेला दाब २१५०, प्रत्यक्ष १४८०. एअरफ्लो ४३०. हिशेबाने १४८० मिलिबारला ४४० च्या आसपासच हवा मावते, म्हणजे दोन्ही सेन्सर खरे बोलत आहेत आणि वाटेत हवा कुठे सुटत नाही. टर्बो मुळातच कमी हवा ढकलतो आहे. धूर नसण्याचे कारणही हेच. एअरफ्लो कमी दिसला की ईसीयू त्या प्रमाणात डिझेल कमी करतो. गाडी मंद होते पण स्वच्छ जळते.

या टर्बोतली पाती व्हॅक्यूमने ओढली गेली की वाट अरुंद होते आणि कमी आरपीएमलाही टर्बो वेग घेतो. व्हॅक्यूम नसेल तर पाती उघडी राहतात, टर्बो आळशी. म्हणून पहिल्यांदा पाती हलवणाऱ्या ॲक्चुएटरचा दांडा पाहिला. इंजिन सुरू करताच तो आत ओढला गेला पाहिजे. इथे अर्धवट गेला.

मग टप्प्याटप्प्याने गेज लावले. पंपाच्या तोंडाशी उणे ०.८३ बार, पुण्यात याहून फार जास्त मिळतच नाही, कारण बाहेरचा दाबच ०.९५ आहे. समुद्रसपाटीचा आकडा पुस्तकात पाहून इथला पंप बाद ठरवू नये. सोलेनॉइडच्या (ॲक्चुएटरला व्हॅक्यूम कमी-जास्त देणारा विजेचा व्हॉल्व्ह) आधी ०.५६. म्हणजे गळती पंप आणि सोलेनॉइड यांच्यामध्येच. हातपंपाने ॲक्चुएटरला थेट ०.६ बार दिला : दांडा न अडकता पूर्ण फिरला आणि मिनिटभर गेज हलले नाही. टर्बो निर्दोष.

गळती सापडली ती रबरी कोपऱ्यात, एक्झॉस्टच्या उष्णतेने कडक होऊन आतल्या वळणावर तडकलेल्या. थंड असताना तडा मिटलेला असतो. दोन उलट कोडही यानेच. गळतीमुळे दाब कमी पडतो म्हणून ईसीयू सोलेनॉइडला जास्त हुकूम देतो, आणि हादऱ्याने तडा क्षणभर मिटला की तोच जास्तीचा हुकूम पाती एकदम ओढतो व दाब वर उसळतो.

कोपरा आणि सोबतची सगळी व्हॅक्यूम नळी बदलली, आतल्या मूळ मापाची, बाहेरून विणलेले वेष्टण असलेली. बरेच जण फिश टँकची पारदर्शक नळी लावतात. ती इंजिनच्या उष्णतेने मऊ पडून व्हॅक्यूमखाली चपटी होते आणि महिनाभरात तीच तक्रार परत येते. याच पंपावर ब्रेकचा बूस्टर चालतो, त्यामुळे व्हॅक्यूमची गळती दिसली की ब्रेक पेडल कडक झाले आहे का ते त्याच वेळी तपासायचेच.

दुरुस्तीनंतर दिवे घाटात प्रत्यक्ष दाब मागणीच्या १०० मिलिबारच्या आत. गाडी दिली.

२१ जून : गाडी क्र. २

तक्रार जवळजवळ तीच, पण मागून काळा धूर, आणि चावी फिरवून फरक नाही. रेस दिली की बोनेटखाली फुसफुस.

मॅप १४००, एअरफ्लो ६४०. इथे हिशेब जुळत नाही. १४०० मिलिबारला इंजिनात ४१० च्या आसपासच हवा जाते. उरलेली मोजली गेली, टर्बोने ढकलली, पण इंजिनपर्यंत पोचली नाही. ईसीयूला वाटते ६४० हवा आहे, तो तेवढ्या हवेचे डिझेल सोडतो, आणि ते अर्धवट जळून काळे बाहेर येते. धूर आणि ओढ जाणे एकत्र दिसले की आधी होज बघायची ती यासाठी.

एअर फिल्टरकडची होज काढून टर्बोच्या तोंडाला बूच बसवले, रेग्युलेटर ०.७ बारला. एक बारच्या वर कधीच नाही, सील आणि गॅस्केट यांच्यावर ताण येतो. दाब देताना बुचासमोर उभे राहायचे नाही, ते सुटून उडते. इंजिनातून थोडी हवा झिरपणार, तो आवाज सोडून द्यायचा. साबणाचे पाणी फक्त सांध्यांवर आणि होजवर.

इंटरकूलरहून (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) वर येणाऱ्या होजला क्लॅम्पच्या लगेच खाली, खालच्या बाजूने बोटभर चीर. वरून पाहून ती दिसत नाही, हाताने दाबूनही नाही. दाब आला की ओठ उघडतात. चीर खालच्याच बाजूला का, तर ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढणारी नळी) येणारी ऑइलची वाफ तिथे साचते आणि रबर फुगवून मऊ करते. होज नवी लावण्याआधी पाइपचे तोंड ब्रेक क्लीनरने कोरडे केले, नाहीतर दाब आला की होज निसटते. क्लॅम्प जुनाच पण चांगला असेल तर चालतो. तारेचा क्लॅम्प नको.

इंटरकूलरमधून निघालेले ऑइल कपभर. तेवढे या किलोमीटरला नवल नाही. बरेच जास्त असते तर ब्रीदर, पिस्टन रिंग आणि टर्बोचा सील यांचा क्रमाने तपास लागला असता.

२ जुलै : गाडी क्र. ३, डिझेलच्या बाजूची

पाऊस सुरू झाला आणि पी०८७ च्या गाड्या वाढल्या. कोड पूर्ण लिहायचा तर पी००८७, रेल प्रेशर कमी.

या गाडीची खूण वेगळी. सपाटीवर कितीही चालते. घाटात पाच-सात मिनिटे चढली की झटके देत मंद, मग बंद. वीस मिनिटांनी सुरू होते, पुन्हा तेच. टर्बोचे आकडे चोख. रेलची मागणी १२५०, प्रत्यक्ष ८२० आणि खाली घसरणारे.

हाय प्रेशर पंपाला हात लावण्याआधी त्याला पुरेसे डिझेल मिळते का ते पाहायचे. काही गाड्यांत टाकीतला इलेक्ट्रिक पंप डिझेल पुढे ढकलतो. काहींत हाय प्रेशर पंप स्वतःच ओढून घेतो. ही दुसऱ्या प्रकारची. फिल्टरनंतर पारदर्शक नळी आणि गेज लावले : रेसला नळीतला दाब उणे ०.४५ बारवर जातो, उणे ०.२ च्या आत असायला हवा. नळीत बुडबुडे नाहीत, म्हणजे लाइन हवा धरत नाही, वाट अडली आहे. फिल्टरच्या आधी गेज लावले तरी ०.४. अडथळा फिल्टरच्याही मागे, टाकीत.

टाकी उतरवली. तळाच्या जाळीवर तपकिरी, बुळबुळीत थर. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्याचा हा गाळ. घाटात सलग जास्त डिझेल ओढले जाते तेव्हा गाळ जाळीला चिकटतो. गाडी थांबली की सुटून खाली बसतो, म्हणून वीस मिनिटांनी पुन्हा चालते. टाकीतले डिझेल काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवले, तळाला पाण्याची स्पष्ट रेघ.

टाकी धुवून कोरडी केली, जुने डिझेल परत ओतले नाही, लाइन उलट्या दिशेने हवेने साफ, फिल्टर नवा. हाच फिल्टर हजार किलोमीटरवर पुन्हा बदलायचा असे कार्डवर लिहिले, कारण राहिलेला गाळ त्यातच येणार. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू महिन्यातून एकदा सैल करून पाणी काढणे हे मालक स्वतः करू शकतो आणि हाय प्रेशर पंपाचा खर्च वाचवणारे याहून स्वस्त काम नाही.

लाइन रिकामी झाल्यावर सुरू करताना : हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबायचा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. आणि जुन्या डिझेल गाड्यांची सवय इथे जिवावर बेतते : इंजिन फिरत असताना इंजेक्टरचा पाइप सैल करून हवा काढायची नाही. शेकडो बारची धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय. डिझेल आत पसरते आणि उशीर झाला तर बोट, हात गमवावा लागतो.

१० जुलै : गाडी क्र. ४

गरम असताना सुरू व्हायला वेळ, आणि घाटात पी००८७. डिझेलचा पुरवठा तपासला, ठीक. मग इंजेक्टर रिटर्न. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत, इंजिन गरम, दोन मिनिटे आयडल. १३, १२, ४४ आणि १४ मिलिलिटर. तिसरा इंजेक्टर रेलमधले डिझेल टाकीकडे परत सोडतो आहे. गरम झाले की डिझेल पातळ होऊन गळती वाढते, सेल्फ मारताना रेल प्रेशर सुरू होण्याइतके चढत नाही. दोन्ही तक्रारींचे मूळ एक.

इथे "पंप गेला" असा निष्कर्ष फार वेळा काढला जातो. पंप भरपूर देत असतो, इंजेक्टर सोडून देत असतो. बाटल्यांची चाचणी अर्ध्या तासाची आहे. ती न करता पंप उतरवू नये.

इंजेक्टर काढताना ओढून तोडू नये. भोवती काळा डांबरासारखा थर असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर ठेवायचे. बसवताना तांब्याचा वॉशर नवा, निघालेल्याच जाडीचा. बसायची जागा स्वच्छ नसेल तर तिथून जळके वायू वर येतात आणि तोच थर पुन्हा तयार होतो. क्लॅम्पचा बोल्ट नवा, आणि कसायचा तो मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच. नव्या इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूत भरला. तो न भरता गाडी चालते, पण आयडलला थरथर आणि धूर राहतो, मग मालक म्हणतो नवा इंजेक्टर खराब निघाला. टाकीत घालायच्या क्लीनरने असा आतून झिजलेला व्हॉल्व्ह बरा होत नाही.

१८ जुलै : इंजिन निर्दोष असलेल्या दोन गाड्या

क्र. ५. घाटात इंजिन ओरडते, गाडी चढत नाही. कोड नाही. मॅप, एअरफ्लो, रेल सगळे मागणीबरोबर. मग आरपीएम आणि वेग यांचे गुणोत्तर पाहिले. एका गिअरमध्ये ते बदलूच शकत नाही. सपाटीवर चौथ्या गिअरला २००० आरपीएमला ६२ किमी. घाटात ३१०० आरपीएम आणि वेग ६४. क्लच घसरतो आहे. रस्त्यावर पाहायचे तर चौथ्या गिअरला ५० च्या वेगात पूर्ण रेस द्यायची : काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला की झाले. टर्बो डिझेलमध्ये हे आधी जाणवत नाही, पूर्ण टॉर्क लागला तरच घसरतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलले. गिअरबॉक्स एकदाच उतरतो.

क्र. ६. ॲक्सिलेटर दाबूनही इंजिन आयडलला, अधूनमधून. ॲक्सिलेटर पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. या गाडीत एकाचे व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट राहिले पाहिजे. मोकळ्या पेडलला ०.७४ आणि ०.३७, पूर्ण दाबल्यावर ३.९ आणि १.९५, दोन्ही बरोबर. दोष ब्रेकच्या स्विचमध्ये. ब्रेक दाबला की त्यातल्या दोन संपर्कांपैकी एक जुळला आणि दुसरा सुटला पाहिजे. इथे एक अडकून ब्रेक दाबलेलाच दाखवत होता. ब्रेक आणि ॲक्सिलेटर एकत्र दिसले की ईसीयू सुरक्षेसाठी रेस कापतो. स्विच बदलला. मागचे ब्रेक लाइट नीट लागत होते, म्हणून कोणी तिकडे बघितले नव्हते.

२६ जुलै : ईजीआर

ईजीआर उघडा अडकला की जळलेला वायू सतत आत येतो, ताज्या हवेला जागा उरत नाही. आयडलला पाहायचे : ईजीआर बंद असताना एअरफ्लो ३०० च्या आसपास, उघडल्यावर २२० च्या खाली. गाडी क्र. ७ मध्ये स्कॅनरने बंदचा हुकूम देऊनही २०५. आता दोष व्हॉल्व्हचा की एअरफ्लो सेन्सरचा? फक्त चाचणीपुरती पत्र्याची चकती घालून ईजीआरची वाट बंद केली : ३१० झाले. सेन्सर खरा, व्हॉल्व्ह अडकलेला. चकतीनंतरही २०५ राहिले असते तर सेन्सर.

चाचणी झाली की चकती काढली. बाजारात ती कायमची बसवून देतात आणि मालक "पिकअप वाढला" म्हणून खूश होतो. अशाने नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, पी०४०१ (ईजीआरचा प्रवाह कमी) येऊन पुन्हा लिम्प मोड लागू शकतो, आणि उत्सर्जन यंत्रणेत असा बदल करणे बेकायदा आहे. आम्ही ते काम घेत नाही. व्हॉल्व्ह काढून काजळी साफ केली, मॅनिफोल्डच्या तोंडाशीही. तिथे वाट निम्म्यावर आली होती. साफ करताना इलेक्ट्रिक व्हॉल्व्हची मोटर द्रवात बुडवायची नाही.

६ ऑगस्ट

विजेची कामे. पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये आसरा घेतात. एका गाडीत रेल सेन्सरच्या वायरचे आवरण कुरतडलेले; कोरडी असताना ठीक, पावसात पिकअप जातो. वायर जोडून नुसती टेप गुंडाळू नये. सोल्डर किंवा क्रिंप, वरून आत चिकट थर असलेली, तापवून आवळणारी हीट श्रिंक नळी.

दुसऱ्या गाडीत गरम झाल्यावर इंजिन एकदम बंद, अर्ध्या तासाने चालू. बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारत स्कॅनर पाहिला : इंजिन फिरते आहे पण आरपीएम शून्य. दोष क्रँक सेन्सरचा, जो इंजिनचे फिरणे मोजतो. थंड करून तपासला तर तो चांगलाच निघतो, त्यामुळे हीट गनने तापवून मोजला.

अर्थिंग तपासायची सोपी रीत : मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरे इंजिन ब्लॉकला, आणि सेल्फ मारायचा. ०.३ व्होल्टच्या वर गेले तर अर्थ स्ट्रॅप काढून घासा किंवा बदला.

१४ ऑगस्ट : सीएनजी-पेट्रोल

पहिली चाचणी फुकटची आहे. तोच चढ आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर. सीएनजीवर थोडी ताकद कमी हे नैसर्गिकच, गॅस हवेची जागा घेतो. दोन्हीकडे ओढ नसेल तर सामाईक कारण. फक्त सीएनजीवर नसेल तर गॅस फिल्टर, रेग्युलेटरचा दाब, सिलिंडरचा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे पेट्रोलवर निभावणारा झिजलेला प्लग सीएनजीवर भाराखाली मिसिंग करतो.

दोन्ही इंधनांवर गरम झाल्यावरच ताकद जात असेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट. सीएनजी कोरडा जळतो, सीट झिजून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स संपतो. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. थंड इंजिनचे कॉम्प्रेशन चांगले येते, म्हणून गरमही घ्यायचे. आणि जे पेट्रोल टाकीत सतत रिझर्व्हवर ठेवतात त्यांचा पेट्रोल पंप लवकर जातो, कारण तो पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

२८ ऑगस्ट : बीएस-६ डिझेल

१ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला तिथे ६०० अंशांच्या आसपास तापमान लागते. रोज चार-पाच किलोमीटरच चालणारी गाडी तिथे पोचत नाही, जाळणे अर्धवट राहते, दिवा लागतो, मग ताकद कापली जाते. आयडलला डीपीएफच्या दोन बाजूंतला दाबफरक २० मिलिबारच्या बराच वर असेल तर चोक. पण सेन्सरच्या दोन रबरी नळ्या आधी बघायच्या. त्यातली एक फुटली की आकडा खोटा.

डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर ते शुभ नाही. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळण्यात जास्तीचे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. खुणेच्या वर गेले असेल तर आधी ऑइल बदला, मगच स्कॅनरने जाळण्याचा हुकूम द्या. भरायचे ते कमी राखेचे, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचेच.

६ सप्टेंबर

तपासाचा क्रम आता असा लावला. ओढ परत कशी येते हा प्रश्न; कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणीचे साठवलेले आकडे) फोटो, पुसण्याआधी; चावी 'ऑन' करून मॅप आणि रेलचे शून्य; बॅटरी व अर्थ; मग घाटातले रेकॉर्डिंग. मॅप आणि एअरफ्लो दोन्ही कमी व जुळणारे : टर्बो, व्हॅक्यूम, चोक एअर फिल्टर किंवा चोक सायलेन्सर. मॅप कमी, एअरफ्लो जास्त : होज. मॅप ठीक, एअरफ्लो कमी : ईजीआर किंवा सेन्सर. हवा ठीक, रेल कमी : आधी पुरवठा, मग रिटर्न, शेवटी पंप. सगळेच ठीक : आरपीएम-वेग गुणोत्तर.

मालकांना द्यायच्या कागदावर : घाटात ओढ गेली तर धोक्याचे दिवे लावा, खालचा गिअर घ्या आणि रुंद जागा मिळेपर्यंत हळू चढत राहा, लेनमध्ये चावी बंद करू नका, स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा असेल तर मात्र बाजूला घेऊन लगेच बंद. नंतर लिहून ठेवा : आरपीएम, गिअर, धुराचा रंग, टाकीत इंधन किती, पाऊस होता का. तपासाला येण्याआधी कोड पुसून घेऊ नका.

बाकी कामे : क्र. ३ चा दुसरा फिल्टर बदल, क्र. १ ची व्हॅक्यूम नळी उन्हाळ्यात पुन्हा तपासणे. एक्झॉस्टचा मागचा दाब मोजायला सेन्सरच्या जागी बसणारा ॲडॉप्टर लेथवर करून घेणे.